बदलापूरचं वन बीएचके, पाच माणसं आणि दीड लाख रुपये

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बदलापूरला तळमजल्यावर ३८० चौरस फूट कार्पेटचं वन बीएचके. घरात तुम्ही दोघं, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. हातात दीड लाख. एका दुकानदाराने सोफा, टीव्ही युनिट, डबल बेड, वॉर्डरोब आणि ट्रॉल्या असं सगळं मिळून साडेतीन लाखांचं पॅकेज सांगितलं, उरलेले दोन लाख 'बिनव्याजी हप्त्यांवर' घ्या म्हणाला. शिवाय मुरबाडच्या घरातला सासूबाईंचा सागवानी पलंग नव्या फ्लॅटमध्ये शोभणार नाही, असंही त्याने सांगितलं. काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

पॅकेज घेऊ नका आणि पलंग आणा. ही दोन उत्तरं लगेच देतो, बाकीचं सविस्तर लिहितो.

मी कल्याण-डोंबिवली ते कर्जत या पट्ट्यात २८ वर्षं फर्निचरची कामं करतोय. सुरुवातीची बरीच वर्षं मीही घरात शिरल्यावर आधी हॉलची भिंत मोजायचो. टीव्ही कुठे, शोकेस कुठे, याची चित्रं काढायचो. अंबरनाथला एका घरी असंच सात फुटी टीव्ही युनिट केलं, तीन अधिक दोनचा सोफा केला, काचेचा टीपॉय केला. सहा-सात महिन्यांनी एका पल्ल्याची बिजागरी सैल झाली म्हणून त्यांनी बोलावलं. कामावरून सुटून रात्री साडेनऊला पोचलो, तेव्हा त्यांची झोपायची तयारी चालली होती. दोघांनी टीपॉय उचलून बाहेर चपलांजवळ ठेवला. सोफा ढकलला, तेव्हा फरशीवर पायांचे ओरखडे दिसले, म्हणजे हे रोजचंच होतं. डायनिंग टेबलावर अंथरुणांचा ढीग होता, वर जुनी साडी झाकलेली. तो उतरवला. मग घरातले आजोबा, सत्तरी ओलांडलेले, सोफ्याचा हात धरून हळूहळू खाली गादीवर बसले. बसायला त्यांना अर्धा मिनिट तरी लागला असेल. ते मला म्हणाले, "काम छान झालंय हो तुमचं." मी बिजागरी आवळली आणि निघालो, पण त्या दिवसापासून आधी भिंत मोजणं सोडलं. आता कुठल्याही घरात पहिला प्रश्न विचारतो तो हा, की रात्री कोण कुठे झोपणार आणि सकाळी अंथरुणं कुठे जाणार? लहान घराचा सगळा नकाशा या एका उत्तरातून निघतो.

तुमच्या घराचा तोच हिशोब मांडू. सासूबाईंना जमिनीवर झोपवायचं नाही, हे पक्कं. मुलगी मोठी होतेय, तिला स्वतःची जागा हवी. धाकटा अजून दोन-तीन वर्षं तुमच्याजवळ झोपेल, मग हॉलमध्ये येईल. म्हणजे आजची व्यवस्था दोन-तीन वर्षांत बदलणार आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली की भिंतीला ठोकलेला मोठा डबल बेड आपोआप बाद होतो. त्याऐवजी सहा बाय तीनचे दोन सुटे पलंग घ्या आणि बेडरूममध्ये जोडून ठेवा. आज तिघांना पुरतील, पुढे एक उचलून हॉलमध्ये नेता येईल. चौकोनी पाइपचे लोखंडी पलंग वेल्डिंगवाला वजनावर बनवून देतो. वर १२ मिलिमीटरचा प्लाय टाका आणि हवा खेळायला त्याला दहा-बारा भोकं पाडून घ्या. पेट्यांचा स्टोरेज बेड करू नका. तळमजल्यावर, आपल्या भागातल्या पावसात, बंद पेटीतल्या गोधड्यांना ऑगस्टपर्यंत कुबट वास येतोच. पलंगाखाली मोकळं असू द्या, म्हणजे केर निघतो आणि चाकांच्या दोन ट्रे सरकवून त्यात अंथरुणं ठेवता येतात.

हॉलमध्ये सासूबाईंचा पलंग. दिवसा तोच तुमचा दिवाण. त्यावर चांगली सोलापुरी चादर आणि भिंतीला दोन लोड टाका, चार माणसं आरामात बसतील. मुलीसाठी त्याच हॉलमध्ये, दुसऱ्या भिंतीला अडीच फुटी अरुंद पलंग किंवा सेटी. सेटी म्हणजे माझ्या मते तरी पाठ नसलेली, सपाट. सोफा-कम-बेड सुचवणारे बरेच भेटतील. पाहुण्यांसाठी, महिन्यातून दोनदा उघडायला तो ठीक आहे. रोज रात्री उघडायचा आणि रोज सकाळी मिटायचा, तर स्वस्तातल्या सोफ्याची यंत्रणा लवकर डगडगायला लागते, आणि मधली फट पाठीला टोचते ती वेगळीच. रोज झोपायच्या वस्तूला बिजागरी असू नये.

गाद्यांवर कंजुषी करू नका. सासूबाईंसाठी आणि तुमच्यासाठी कापसाची घट्ट गादी किंवा कॉयरवर, म्हणजे नारळाच्या काथ्यावर, पातळ फोम असलेली. ओळखीचा गादीवाला असेल तर समोर बसून कापूस भरून घ्या. जुना कापूस पिंजून मिसळला तरी चालतो, पण किती जुना आणि किती नवा, हे आधी ठरवा. कापसाची गादी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजावी लागते आणि तिला ऊन दाखवावं लागतं. तळमजल्याला ऊन येत नसेल तर गच्चीवर नेणं होईल का, ते बघा. होणार नसेल तर कॉयरची घ्या.

आता त्या सागवानी पलंगाबद्दल. तो जुनाट दिसेल म्हणणाऱ्याने त्याच्या पायाखाली एकदा हात घालून बघायला हवा होता. २६ जुलै २००५च्या पुरानंतर, आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती तेव्हा, मी या भागातल्या तळमजल्यावरच्या घरांतून फर्निचर बाहेर काढायला मदत केलीय. पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांची, कपाटं हातात धरली की लापशीसारखी सुटत होती. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या, दारांच्या कडा पावासारख्या फुगल्या होत्या. साधा प्लाय थरांत उकलला होता. लोखंडी कपाटं खालून गंजली, पण बाकी शाबूत राहिली. आणि जुने सागवानी पलंग, पाट, देव्हारे लोकांनी बादलीभर पाण्याने धुतले, सावलीत वाळवले आणि परत घरात नेले. तुमची इमारत नदीपासून किती लांब आहे मला माहीत नाही, पण तळमजला आहे एवढंच माझ्यासाठी पुरेसं आहे. असलं लाकूड आज विकत घ्यायला गेलात तर तुमच्या दीड लाखातला मोठा घास जाईल.

तरी आणण्याआधी तपासा. पायांच्या तळाशी आणि जोडांत बारीक पिठासारखा भुसा पडलेला असेल तर आत कीड आहे. मातीच्या बारीक रेघा चढलेल्या असतील तर वाळवी. तेवढ्या भागावर औषध भरून घ्यावं लागेल. सागाला सहसा वाळवी धरत नाही, पण कडेचं पांढरट लाकूड वापरलेलं असेल तर तिथे लागते. निवार सैल झाली असेल तर काढून टाका आणि वर १२ मिलिमीटरचा प्लाय बसवा. पॉलिशला घाई नाही. उंचीला मात्र आहे. जुने पलंग उंच असतात, आणि वर गादी टाकली की ज्येष्ठांचे पाय लोंबकळतात. सासूबाईंना खुर्चीवर बसवून टाचेपासून गुडघ्यामागच्या वळणापर्यंतचं अंतर मोजा. गादीवर बसल्यावर, गादी दबल्यानंतरची उंची तेवढी हवी, म्हणजे दोन्ही पावलं जमिनीला टेकतील आणि उठताना गुडघ्यावर भार कमी येईल. पाय कापायचे झाले तर याच मापाने, आणि गादी हातात आल्यावरच कापा. मच्छरदाणीचे खांब असतील तर ठेवा, उठताना धरायला उपयोगी पडतात.

कपाट. इथे तुमचे सगळ्यात जास्त पैसे जातील किंवा वाचतील, म्हणून जरा खोलात सांगतो.

तुमची बेडरूम दहा बाय दहा आहे. दोन पलंग जोडून सहा फूट रुंदी होते. ते एका भिंतीला टेकवले की समोर चार फूट उरतात. त्यात दोन फूट खोल कपाट, मध्ये दोन फुटांची वाट. वाट अरुंद आहे, पण चालेल. मात्र कपाटाचा पल्ला दीड फुटापेक्षा रुंद असेल तर तो उघडून समोर उभं राहता येणार नाही. म्हणून पल्ले अरुंद हवेत.

प्लायची शीट आठ बाय चारची येते, म्हणजे ९६ इंच बाय ४८ इंच. उभी चिरली की दोन फुटी दोन पट्ट्या निघतात. आता बहुतेक सुतार कपाटाचा कप्पा तीन फुटी धरतात, कारण सांगायला सोपं. आठ फुटी पट्टीतून तीन फुटाच्या दोनच फळ्या निघतात आणि दोन फुटांचा तुकडा उरतो. एका शीटमधून चार फळ्या. तोच कप्पा ३२ इंचांचा धरला, करवतीची वाट सोडून पावणेबत्तीस, तर एका पट्टीतून तीन आणि शीटमधून सहा फळ्या निघतात. असे दोन कप्पे शेजारी ठेवले की कपाट साधारण साडेपाच फूट रुंद होतं. सात फूट उंचीच्या तीन उभ्या बाजू, वरची आणि खालची फळी आणि आतल्या नऊ फळ्या, हे सगळं १८ मिलिमीटरच्या चार शीटमध्ये बसतं. तीन फुटी कप्प्यांचं तेवढ्याच फळ्यांचं कपाट करायला पाच शीट लागतात. प्लाय १०० रुपये चौरस फूट धरला तर एक शीट ३,२०० रुपयांची. शिवाय ३२ इंची फळी कपड्यांच्या वजनाने वाकत नाही, तीन फुटी काही वर्षांनी मधे पोट काढते. पाठीला ६ मिलिमीटरचा प्लाय वेगळा लागेल, तो दोन शीट.

पल्ल्यांना अजून दोन शीट, सोळा बिजागऱ्या, बाहेरून सनमायका, कुलपं, मुठी. म्हणून माझं म्हणणं असं की या वर्षी कपाटाचं फक्त अंग करून घ्या आणि समोर पडदा लावा. दांडी, रिंगा आणि जाड सुती कापड, किंवा तुमच्याच एखाद्या जुन्या चांगल्या साडीचा पडदा. धूळ थोडी जाईल, पण तिजोरीचा एक कप्पा सोडला तर आत कपडेच असणार आहेत. पुढच्या दिवाळीला पल्ले लावा. सुताराला मात्र आत्ताच सांगून ठेवा की नंतर पल्ले लागणार आहेत, म्हणजे तो समोरच्या कडा सरळ एका रेषेत ठेवेल आणि आतल्या फळ्या बिजागरीएवढ्या मागे घेईल.

कपाटाखाली प्लायचा पाया नको. चार इंच उंचीच्या कडप्प्याच्या पट्ट्या उभ्या बसवून त्यावर कपाट ठेवा. फरशी पुसतानाचं रोजचं पाणी प्लायला लागणार नाही आणि वाळवीलाही वाट सोपी राहणार नाही. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, इंचभर फट ठेवा. ओल आलीच तर पाठ कुजणार नाही.

प्लाय स्वतः घ्या, सुताराला फक्त मजुरी द्या. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये तो नंबर टाका, कंपनीचं नाव समोर येतं. नाव जुळत नसेल तर शीट परत. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला सगळ्यात टिकणारा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा. तळमजला असल्याने कपाटाच्या उभ्या बाजू आणि सगळ्यात खालची फळी मरीनची, वरच्या फळ्या साध्या प्लायच्या, असं मिसळून घेतलं तर पैसे वाचतात. शीटच्या कडेने नजर फिरवा. थरांमध्ये बारीक बोगदे दिसले तर तिथे स्क्रू धरणार नाही. मजुरी फुटावर ठरवलीत तर फूट कशाचा, हे कागदावर लिहून घ्या. बहुतेक जण समोरची उंची गुणिले रुंदी धरतात आणि बिल करताना बाजू आणि लॉफ्ट वेगळे लावतात. भांडणं तिथेच होतात.

एवढ्याचीही सोय नसेल तर जुनं लोखंडी कपाट हा माझा आवडता पर्याय आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात नवी हलकी कपाटं ढिगाने मिळतात, पण दाराच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. पत्रा डबक डबक वाजला आणि आत गेला तर पुढे चला. घरं बदलणाऱ्यांकडून येणारी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची कपाटं जाड पत्र्याची असतात. खालचा पत्रा गंजून भोक पडलेलं नाही, दार घासत नाही आणि कुलपाची मूठ तिन्ही दांडे ओढते, एवढं पाहा. रंग काय, कधीही मारता येतो. जुन्या बाजारातून लाकूड घ्या, लोखंड घ्या, पण जुनी गादी, उशी किंवा कापडी सोफा फुकट दिला तरी घेऊ नका. ढेकूण शिवणीत बसतात, काळे ठिपके दिसले की समजा. एकदा घरात शिरले की त्यांना काढायला सोफ्याच्या किमतीहून जास्त खर्च येतो.

स्वयंपाकघर थोडक्यात सांगतो. बिल्डरने ओटा दिलाय ना? त्याखाली कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या आणि दोन आडव्या फळ्या बसवून घ्या. पाण्याला, वाळवीला, गरम भांड्याला, कशालाच कडप्पा घाबरत नाही. सिंकखाली लाकडाचा एक तुकडाही नको. पल्ले हवेच असतील तर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचे. ट्रॉल्या तीनपेक्षा जास्त नकोत: चमचे, ताटं-वाट्या आणि एक खोल. ३०४ ग्रेडचं स्टील मागा. दुकानात चुंबक लावून "बघा, चिकटत नाही" असं दाखवतात, पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा धरू नका. बिलावर ग्रेड लिहून घ्या. डबे-भांड्यांना भिंतीवरची स्टीलची मांडणी पुरते.

आणि मुलीचा अभ्यास. याला टेबल कुठे ठेवू, असं तुम्ही विचारलंय. रात्री दहानंतर अशा घरातली सगळ्यात रिकामी खोली म्हणजे स्वयंपाकघर. ओट्यासमोरच्या भिंतीला तीन फूट बाय दीड फुटाची फळी, घडीच्या ब्रॅकेटवर, जमिनीपासून २९ इंचांवर लावा. वर एक दिवा, बाजूला एक प्लग. आजी आणि भाऊ झोपले तरी तिला दिवा मालवावा लागणार नाही. दिवसा तीच फळी भाजी चिरायला, आणि दोघांना जेवायलाही. पुढे दहावीच्या वर्षी या फळीची किंमत तुम्हाला जास्त कळेल. वह्या-पुस्तकांसाठी वरती दोन फळ्या तिच्या हात पोचेल अशा उंचीवर ठेवा, तिथे मसाल्याचे डबे शिरू देऊ नका.

यातलं काहीही आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पलंगाशेजारी स्विच, सासूबाईंच्या हाताशी रात्रीचा दिवा, फळीजवळ प्लग. फर्निचर आल्यावर भिंत फोडणं म्हणजे दुहेरी खर्च. पंखे घ्यायचेच असतील तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. साधा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, हा ३०च्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. खिडक्यांना मच्छरजाळी, तळमजल्याला ती फर्निचरपेक्षा आधी. फॉल्स सीलिंग, भिंतीवरचे पॅनेल, टीव्हीमागची दिव्यांची पट्टी हे सगळं राहू द्या. टीव्ही भिंतीला टांगा, खाली एक फळी पुरे.

पैशांची मी अशी वाटणी करीन: वायरिंग, पंखे, जाळ्या, पडदे यांना २२,०००. झोपेला, म्हणजे पलंग, गाद्या, सेटी आणि मुरबाडहून टेम्पो, ३८,०००. कपाटाला ४०,०००. स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या फळीला २०,०००. झाले १,२०,०००. उरलेले तीस हजार एक पावसाळा जाईपर्यंत हात न लावता ठेवा. कुठली भिंत ओल धरते, कुठल्या खिडकीतून पाणी येतं, चपला आणि छत्र्यांचा ढीग कुठे साचतो, मुलं नेमकी कुठे बसतात, हे ऑक्टोबरमध्ये तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. मग ते तीस हजार तिथे घाला.

हप्त्यांबद्दल एकच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. ते व्याज वस्तूच्या किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये बसलेलं असतं. त्याच दुकानात रोखीचा भाव वेगळा विचारून पाहा, फरक समोर येईल. शिवाय दोन लाखांचा हप्ता म्हणजे मुलीच्या नववी-दहावीची दोन्ही वर्षं तुम्ही सोफा फेडत बसणार. ते मला तुमच्यासाठी बरं वाटत नाही.

या रविवारी एवढं करा. खडू घ्या आणि रिकाम्या घराच्या फरशीवर खऱ्या मापाने सगळं आखा: सासूबाईंचा पलंग, सेटी, दोन पलंग, कपाट, उघडलेले पल्ले, घडी उघडलेली फळी. मग सासूबाईंना त्या रेघांमधून हॉलपासून संडासापर्यंत चालवा, काठी घेत असतील तर काठीसकट. कुठे रेघेवर पाय पडला, तिथे वस्तू सरकवा. मुलांनाही आखू द्या, त्यांना स्वतःची जागा तिथेच सापडेल.

आणि मुरबाडचा पलंग सुटा करताना टेम्पोवाल्याच्या हातात हातोडी देऊ नका. त्या पलंगाला बहुतेक खिळे नसतीलच. लाकडाचं कुसू, म्हणजे कोरून पुढे काढलेलं टोक, भोकात बसवून वरून खुंटी ठोकलेली असते. आधी प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूने एकच आकडा लिहा, मग खुंटी बारीक टोकाकडून हलकेच ठोका, सरकून बाहेर येईल. खुंट्या एका पिशवीत बांधून सासूबाईंकडे द्या. एखादी मोडली तर त्या मापाची दुसरी कुठलाही जुना सुतार दहा मिनिटांत करून देईल.